दुखतं कपाळ, खोड मानेची

"रोजचंच आहे गं ताई, त्यात काय सांगायचं," असं तू म्हणालीस ना, ते काही मला पटलं नाही. ताप आला तर आपण घरभर सांगतो, पाय मुरगळला तर शेजारणीलाही कळतं. डोकं दुखलं की मात्र बाम चोळायचा, कपाळाला ओढणी घट्ट आवळायची आणि परत मशीनवर बसायचं. तुझ्या बॉबिनच्या डब्यात गोळ्यांची पट्टी असते, ती मी पाहिली आहे. म्हणून आज जरा निवांत बोलू या. मी काही डॉक्टर नव्हे. पण या दुखण्याबरोबर मी बरीच वर्षं काढली आहेत, आणि ते ताब्यात कसं ठेवायचं हे शिकवणाऱ्यांकडून नीट शिकून घेतलं आहे.

आधी मला सांग, तुझं दुखणं सुरू कुठून होतं? कपाळ दुखतं हे ठाऊक आहे. पण त्याच्या आधी, अगदी सकाळी, मानेच्या वरच्या टोकाला, कवटी सुरू होते तिथल्या खळगीत अवघडल्यासारखं होतं का? मग ते कानामागून वर चढतं, डोक्यावरून पुढे येतं आणि डोळ्याच्या वर येऊन ठणकत बसतं? आणि नेहमी त्याच बाजूला? विठ्ठलवाडी स्टेशनबाहेर रस्ता ओलांडताना मागून रिक्षा येते का हे बघायला तू मान वळवतच नाहीस, सगळं अंग वळवतेस, हे माझ्या केव्हाच लक्षात आलंय. त्या खळगीत अंगठा दाबला की कपाळातली कळ जागी होते का, तेही बघ. या प्रश्नांची उत्तरं हो अशी येत असतील, तर तुझी डोकेदुखी मानेतून येत असण्याची दाट शक्यता आहे.

या दुखण्याची वेगळी ओळख पटून फार काळ झालेला नाही. नॉर्वेतल्या ओत्तार स्यास्ताद नावाच्या मेंदूविकारतज्ज्ञानं आपल्या सहकाऱ्यांबरोबर १९८३ साली ती मांडली: डोकं दुखतं, पण कारण मानेत असतं. त्याला डॉक्टर सर्व्हायकोजेनिक हेडेक म्हणतात. आपल्याकडे बायका "मला सर्व्हायकल आहे" एवढंच म्हणतात आणि त्यात सगळं येतं, चक्करही, खांदेदुखीही, हाताच्या मुंग्याही. डॉक्टरांपुढे मात्र एवढं मोघम सांगू नकोस.

मान दुखायची तर कपाळ का दुखतं, हे मला समजलं तेव्हा माझी निम्मी भीती गेली. मानेच्या वरच्या तीन मणक्यांजवळून निघणाऱ्या नसा आणि चेहऱ्याकपाळाची मोठी नस, या दोन्हींचे निरोप मेंदूच्या तळाशी एकाच ठिकाणी पोचतात. आपल्या कर्जत लाइनची आणि कसारा लाइनची गाडी कल्याणला एकाच वाटेवर येते, मग दादरच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला समोरची गाडी कुठल्या बाजूनं आली ते नुसतं बघून सांगता येत नाही. मेंदूचंही तसंच होतं. निरोप आलेला असतो मानेच्या सांध्यातून, आणि मेंदू समजतो कपाळातून आला. त्यामुळे कपाळावर कितीही बाम चोळला तरी खोड जागच्या जागी राहते.

आता तुझ्या कामाकडे बघ. उल्हासनगरात जीन्सचं काम करणाऱ्या किती घरांत बायका दिवसभर मान खाली घालून असतात! कुणी ओव्हरलॉकवर, कुणी बेल्टपट्टीवर, कुणी नुसते धागे कापायला गठ्ठा पुढ्यात घेऊन जमिनीवर बसलेली. पीसवर पैसे, त्यामुळे उठायला मन होत नाही. आपलं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं. ते खांद्यांच्या बरोबर वर असेल तर मानेला फारसं जड जात नाही. पुढे झुकलं की मागच्या स्नायूंना ते सतत ओढून धरावं लागतं. न्यूयॉर्कच्या एका पाठीच्या शल्यविशारदानं २०१४ साली याचं गणित मांडलं होतं: मान पंधरा अंश झुकली तर मानेवर सुमारे बारा किलोचा भार, साठ अंश झुकली तर सत्तावीस. हे कागदावरचं गणित आहे, कुणाच्या मानेत काटा बसवून मोजलेलं नाही, आणि मान झुकली की प्रत्येकाचं डोकं दुखतं असंही नाही. पण सुईखाली जाड डेनिमची शिवण सरळ जातेय का ते बघायला तू ज्या कोनात वाकतेस, तो कोन मला पंधराचा वाटत नाही.

एक सांगून ठेवते. प्रत्येक डोकेदुखीचं खापर मानेवर फोडू नकोस. अर्धशिशीतही मान दुखते, बऱ्याच जणींना तर अर्धशिशीचा झटका येण्याआधीच मान धरते. मळमळत असेल, उजेड आणि आवाज सोसवत नसेल, कधी डावी कधी उजवी अशी बाजू बदलत असेल, पाळीच्या दिवसांत हमखास येत असेल, तर ती अर्धशिशी असू शकते आणि तिची औषधं वेगळी आहेत. दोन्ही एकत्रही असतात. सासूबाई म्हणतात तसा चष्म्याचा नंबर एकदा तपासून घे, रक्तदाबही बघून घे.

आणि काही वेळा थांबायचंच नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं क्षणात फुटेलसं दुखलं, तापाबरोबर मान ताठ झाली, बोलताना जीभ अडखळली, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हातपाय लुळा पडला, एकाचे दोन दिसायला लागले. पडल्यावर, डोक्यामानेला मार लागल्यावर दुखणं सुरू झालं. हातातून वस्तू निसटतात, बटण लावता येत नाही, चालताना पाय लटपटतात, लघवीवरचा ताबा जातोय. आईसाठीही लक्षात ठेव: पन्नाशीनंतर नव्यानं सुरू झालेली डोकेदुखी, त्यातही कानशील दुखत असेल आणि चावताना जबडा भरून येत असेल, तर डोळ्यांना धोका असतो. अशा वेळी व्यायाम नाही, शेक नाही, "सकाळी बघू" तर नाहीच.

यातलं काही नसेल, तर आता एक्स-रेबद्दल. तुझ्या जाऊबाईंचा एक्स-रे काढला, त्यात "गॅप कमी झालाय, मणके झिजलेत" असं निघालं आणि त्या घाबरून बादलीसुद्धा उचलेनाशा झाल्या. मला फार वाईट वाटतं असं कुणी घाबरलं की. जपानमध्ये मानेची काहीही तक्रार नसलेल्या १,२११ माणसांचं एमआरआय केलं होतं, २०१५ साली ते छापून आलं. त्यातल्या ८७.६ टक्के लोकांच्या मानेत चकती थोडीफार बाहेर आलेली होती. धडधाकट माणसं होती ती! वय वाढलं की केस पांढरे होतात, चकत्याही बदलतात. फिल्ममध्ये दिसलं ते दुखण्याचं कारण असेलच असं नाही, आणि फिल्म बघून ऑपरेशनचं नाव कुणी काढलं तर लगेच हो म्हणायचं नाही. नस किंवा मज्जारज्जू खरोखर दाबला जात असेल, हातापायांची ताकद जात असेल, तेव्हा ऑपरेशनचा विचार होतो. नुसत्या मानेच्या डोकेदुखीसाठी चाकूची वेळ क्वचितच येते.

चांगला फिजिओथेरपिस्ट फिल्म बघण्याआधी तुझी मान बघेल. तुला उताणी झोपवेल, हनुवटी छातीकडे पूर्ण झुकवेल, आणि तशा झुकलेल्या अवस्थेत डोकं हलकेच उजवीकडे, मग डावीकडे वळवेल. मान झुकलेली असताना खालचे मणके अडकून राहतात, म्हणून जे वळतं ते वरचे पहिले दोन मणके. मान वळवण्याचं जवळजवळ निम्मं काम एरवीही हेच दोघं करतात. निरोगी माणसाचं डोकं असं दोन्ही बाजूंना साधारण चव्वेचाळीस अंश वळतं. तुझी एक बाजू मध्येच अडली, तर गाठ कुठे आहे ते हातालाच कळतं. एवढी साधी तपासणी, पण ती कुणी केलीच नाही तर उपचार अंदाजानं होतात.

उपचाराचं म्हणशील, तर मला सगळ्यात धीर दिला तो एका जुन्या अभ्यासानं. ऑस्ट्रेलियातल्या ग्वेन जूल या फिजिओथेरपिस्ट बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच डोकेदुखीच्या २०० रुग्णांचे गट केले. एका गटाच्या मानेच्या सांध्यांवर हातानं उपचार, दुसऱ्याला नुसते व्यायाम, तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला यातलं काहीच नाही. सहा आठवडे. २००२ साली निकाल छापून आला. पहिल्या तिन्ही गटांची डोकेदुखी कमी झाली, आणि वर्षभरानंतरही तो फरक टिकून होता. दोन्ही उपचार मिळालेल्या गटात थोड्या जास्त लोकांना आराम पडला. यात कुठे महागडं यंत्र नाही की ऑपरेशन नाही.

आणि व्यायाम तरी कसले? बघणाऱ्याला वाटेल ही बाई नुसती पडून आहे. मला शिकवणाऱ्या मुलीनं पहिल्या दिवशी उताणं झोपवलं, मानेखाली टॉवेलची बारीक घडी ठेवली, आणि माझी दोन बोटं माझ्याच गळ्यावर, बाजूच्या जाड स्नायूंवर ठेवली. म्हणाली, "आता कुणाला तरी हळूच हो म्हणा, डोकं न उचलता." मी मान डोलावली आणि बोटांखालचे स्नायू दोरीसारखे ताठ झाले. "नाही, इतकं नको. याच्या निम्मं. अजून निम्मं." शेवटी हनुवटी जेमतेम केसभर आत गेली आणि बोटांखाली सगळं मऊ राहिलं, तेव्हा ती म्हणाली, "हा बरोबर." मानेच्या आत, मणक्यांना अगदी चिकटून बारीक स्नायू असतात. दुखण्यात ते सुस्तावतात आणि बाहेरचे मोठे स्नायू त्यांचं काम ओढून घेतात. या व्यायामानं आतल्यांना पुन्हा कामाला लावायचं. दहा सेकंद धरायचं, सोडायचं, असं दहा वेळा. सकाळी अंथरुणातच एकदा, रात्री एकदा. श्वास रोखायचा नाही. जोर लावलास तर चुकलंच समज.

दुसरा व्यायाम खांद्यांच्या फऱ्यांचा. ताठ बसून दोन्ही फरे हलकेच मागे आणि खाली, जणू पाठीमागच्या खिशात घालतेस असे, आणि तिथे दहा सेकंद. हा मशीनवर बसल्याबसल्या होतो, बॉबिन बदलताना होतो. तिसरा टॉवेलचा. टॉवेलची कड मानेवर अगदी वर, कवटीच्या खाली बसवून, एक टोक गालावरून पुढे डोळ्याच्या दिशेनं ओढायचं आणि त्याबरोबर चेहरा अडलेल्या बाजूला वळवायचा, दोन-तीन सेकंद धरायचं. ही युक्ती न्यूझीलंडच्या ब्रायन मलिगन यांच्या पद्धतीतून आली आहे आणि वरच्या त्या दोन मणक्यांसाठी ती फार चांगली. पण ही मी सांगितली म्हणून करू नकोस. कड कुठे बसवायची, कुठल्या बाजूला ओढायची हे एकदा जाणत्या हातांनी दाखवू दे. करताना दुखता कामा नये, चक्कर येता कामा नये.

चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडून देऊ नकोस. सहा आठवडे धर.

जिथे मी अगदी हात जोडून नको म्हणते, ती गोष्ट म्हणजे मान मोडून घेणं. आपल्याकडे सलूनमध्ये चंपी झाली की कडकन मान मोडतात, आणि दादा घरी येऊन सांगतो काय मोकळं वाटलं. आता पार्लरमध्येही हे चालतं. मानेच्या मणक्यांमधून मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या जातात. जोरात झटका बसला की धमनीच्या आतलं अस्तर फाटू शकतं, तिथे गुठळी होते आणि माणसाला पक्षाघात होतो. रोज होतं असं नाही, पण झालं तर उभं आयुष्य बदलतं. पार्लरमध्ये केस धुताना बेसिनच्या कडेवर मान मागे लटकवतात, त्यानंही असं झाल्याचं अमेरिकेतल्या एका डॉक्टरांनी १९९३ मध्येच लिहून ठेवलं आहे. तुझं डोकं धुवायचं असेल तर मानेखाली टॉवेलची गुंडाळी मागून घे, संकोच करू नकोस. मालिश हवी तर हलकी, खांद्यांना; झटका कुणालाच देऊ द्यायचा नाही.

मानेच्या पट्ट्याचंही तेच. दोन-चार दिवस असह्य असताना ठीक, महिनोन्महिने घालून हिंडलीस तर स्नायू आणखी ढिले पडतात. गरम पाण्याच्या पिशवीचा शेक रात्री पंधरावीस मिनिटं जरूर घे, बरं वाटतं, व्यायामही सोपा जातो. नुसत्या मशीनच्या शेकावर मात्र महिनाभर पैसे घालत बसू नकोस. जिथे रोज दहा मिनिटं शेक देतात, मानेला हात लावत नाहीत आणि घरी करायला काही शिकवत नाहीत, तिथून उठून ये.

आता बॉबिनच्या डब्यातल्या त्या गोळ्या. गोळी घेणं पाप नाही. फार दुखलं तर पॅरासिटामॉल घ्यावी. पण महिन्यातले पंधरा किंवा जास्त दिवस साधी वेदनाशामक गोळी पोटात जात असेल, आणि असं तीन महिन्यांवर चाललं, तर गोळीमुळेच रोज डोकं दुखायला लागू शकतं. दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्यांना तर दहा दिवसही पुरतात. मेडिकलवाला विचारत नाही, देतो. शिवाय सुजेवरच्या गोळ्या उपाशीपोटी रोज घेतल्या तर जठराला आणि किडनीला त्रास. म्हणून गोळी घेतलेल्या दिवशी कॅलेंडरवर खूण कर. दुधाची खूण करतेस ना, त्याच कॅलेंडरवर. खुणा जास्त निघाल्या तर एकदम घाबरून सगळं बंद करू नकोस, डॉक्टरांना दाखव, तेच उतरवत नेतील. रोज रात्री थोड्या मात्रेत घ्यायची वेगळी औषधंही असतात, ती त्यांच्याच सल्ल्यानं.

मशीनचं काही तरी करायलाच हवं. तुझं स्टूल उंच आणि मशीन खुजं आहे. टेबलाच्या पायांखाली लाकडी ठोकळे देऊन ते वर घे, पायडलला पाय नीट पोचतोय ना ते पाहून. कोपरं काटकोनात आली पाहिजेत आणि सुई बघायला मान नव्हे, नजर खाली गेली पाहिजे. दिवा डोक्यामागे आहे, तो सुईजवळ आण; निम्मं वाकणं उजेडाअभावी असतं. गठ्ठा एकाच बाजूला ठेवू नकोस. अर्ध्या तासानं उठ, एक घोट पाणी पी, चार पावलं चाल. दोन पीस कमी होतील, मला माहीत आहे त्याचा हिशेब काय असतो. पण दुखण्यानं जी अख्खी दुपार जाते, तिचाही हिशेब धर.

लोकलनं जाणाऱ्या आपल्या मैत्रिणींनाही सांग. बदलापूर-अंबरनाथहून भरून आलेल्या गाडीत विठ्ठलवाडीला कुठली बसायला जागा! एका हातानं कडी धरायची, त्याच खांद्यावर डबा, छत्री, पाण्याची बाटली असलेली पर्स, आणि दुसऱ्या हातातल्या मोबाईलवर मान वाकवून मालिका. पर्स पुढे घ्या, दोन्ही खांद्यांवर. बसायला मिळालं की मोबाईल छातीवर नाही, डोळ्यांसमोर. आणि डुलकी लागली की मान एका बाजूला लोंबकळते, म्हणून शक्य तेव्हा खिडकीची नाहीतर मागे डोकं टेकता येईल अशी जागा धरा.

रात्री पालथं झोपू नकोस. तासन्‌तास मान एकाच बाजूला पिळलेली राहते. कुशीवर झोपतेस तर खांदा आणि डोकं यांमधली पोकळी भरेल एवढीच उशी हवी. तुझी ती लग्नातली जाडजूड कापसाची उशी माझ्याकडे पाठवून दे, मी तिच्या दोन करून देते.

एवढं करून दोन-तीन महिन्यांत उतार पडला नाही तरी ऑपरेशन हे पुढचं पाऊल नाही. मानेच्या मागच्या नसेजवळ बधिर करणारं इंजेक्शन देतात, काही आठवडे दुखणं शांत राहतं आणि तेवढ्या काळात व्यायाम नीट जमतो. वेदनातज्ज्ञ डॉक्टर काही निवडक रुग्णांत बारीक सुईनं उष्णता देऊन सांध्याची नस तात्पुरती निकामी करतात, तीही सुई मशीनवर बघत बघतच घालतात. हे कल्याण-ठाणे-मुंबईकडे होतं. पण हे सगळं व्यायामानंतरचं.

पैशाची काळजी करतेस, तर ऐक. उल्हासनगरच्या कॅम्प ३ मधलं मध्यवर्ती रुग्णालय सरकारी आहे, आणि राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. तिथे हाडांच्या ओपीडीत दाखव, आणि फिजिओथेरपीसाठी लिहून द्या असं तूच म्हण. गाडीत बसून शीवला जायची तयारी असेल तर महापालिकेच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात फिजिओथेरपीचा मोठा विभाग आहे. रोज जायची गरज पडत नाही. शिकून यायचं, घरी करायचं, मध्ये मध्ये दाखवायचं.

सोमवारी मी येते तुझ्याबरोबर, सकाळी लवकर निघू म्हणजे केसपेपरच्या रांगेत फार उभं राहावं लागणार नाही. भाऊजींना मीच सांगते त्या दिवसाचा गठ्ठा घेऊ नका म्हणून. तोवर एका कागदावर लिहून ठेव: दुखणं कुठून सुरू होतं, कुठल्या बाजूला, आठवड्यातून किती दिवस, काय केलं की वाढतं. जुना एक्स-रे असेल तर घे, आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं फेकू नकोस, सगळी पिशवीत घालून आण.